आबाच्या वाट्याच्या सुया

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. दादा चौथीत असताना बाप गेला. दादाच्या हातातली पाटी माझ्याकडे आली आणि बापाचं औत त्याच्याकडे गेलं. चार एकर कोरडवाहू, तेही घाटाच्या उताराला, माती कमी आणि मुरूम जास्त. रोहिणखेडपासून दोन कोस आत आमचं गाव. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी मुंबईला गेली असं आम्ही ऐकलं होतं, पण गावाला अजून सडक आली नव्हती. भाकरी ज्वारीची, भाजी अंबाडीची, आणि अंबाडी नसली तर तिखटावर तेल. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. वहिनी लग्न होऊन आली आणि हळद उतरायच्या आत मायच्या जोडीनं वेचायला लागली. दिवाळीच्या सुमाराला दोघींची बोटं बोंडांच्या टोकांनी चिरलेली असायची. भाजीत मीठ घालताना वहिनी चमचा शोधायची, तेव्हा मला आधी हसू यायचं. मग कळलं काऊन ते.

मला कॉलेजात पाठवलं ते एका म्हशीनं, असं म्हटलं तरी चालेल. घरात चहापुरतं दूध ठेवायचं, बाकीच्याचं तूप. त्या तुपावर खामगावात माझी खानावळ चालली. दादानं अंगात नवा सदरा घातला नाही, मी घातला. सुटीत आलो की तो सदरा खोचून मी पारावर बसायचो. लोक विचारायचे, "काय साहेब, आता बैल इंग्रजीतून हाकता काय?" मला राग यायचा नाही, उलट बरंच वाटायचं. सात पिढ्यांत मी पहिला होतो. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे. पण पुढचं सांगायचं तर हा गर्व सोबत घेऊनच सांगावं लागतं, कारण जे झालं ते एका शिकलेल्या माणसानं केलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गावात कोल्हा आला. भर सकाळी. कोल्हा माणसाच्या चाहुलीनं पळतो, हा पळाला नाही. मारुतीच्या देवळासमोरून नाकासमोर चालत आला, तोंडातून लाळ गळत होती, कोणाकडे पाहत नव्हता. दोन कुत्र्यांना चावला, गोठाणात उभ्या असलेल्या जनावरांमध्ये घुसला, पलीकडून निघाला. ओढ्यात लोकांनी त्याला काठ्यांनी मारला. मी तेव्हा खामगावला होतो, हे सगळं नंतर ऐकलेलं.

दिवाळीला आलो तर गल्लीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, एकाच माणसाला जाता येईल एवढी फट ठेवून. बायका शेतात एकट्या जात नव्हत्या. ज्याच्या त्याच्या हातात काठी. आणि गावात एक कुत्रं भुंकत नव्हतं. चावलेली दोन मारली, मग त्यांच्याशी भांडलेली मारली, मग संशय नको म्हणून सगळीच मारली. आमच्या दारातलं कुत्रं दादानं स्वतः मारलं.

आमची म्हैस आठ दिवसांपूर्वी व्याली होती. वगार, म्हणजे पारडी, झाली होती, म्हणून घरात आनंद होता. आमच्याकडे चीक विकत नाहीत. पहिल्या दिवसांचं ते दाट दूध वाट्या भरून गल्लीत घरोघर जातं, लोक त्याचा खरवस करतात, आणि वाटी परत येते ती रिकामी येत नाही. तळाशी चिमूटभर ज्वारी नाहीतर गुळाचा खडा असतो. आमचाही चीक गेला होता. वाट्या परत आल्या होत्या.

भाऊबीज झाली आणि म्हशीनं वैरण सोडली. मान लांब करून उभी राहायची, तोंडातून फेस, आणि ओरडायची ते घोगरं, कोणी दुसरंच जनावर ओरडावं तसं. आमच्या भागात म्हैस मान ताणून लाळ गाळू लागली की पहिला अर्थ एकच, घशात काहीतरी अडकलं. आंब्याची कोय, कवठ, मुळा. दुसरा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. आणि घशात अडकलं की आबाला बोलवायचं.

आबा आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी लांब बीबी गावाला दिलेली. बारीक अंगाचा, हात मात्र लांब आणि निमुळता. आसपासच्या चार गावांत जनावराच्या घशातून अडकलेलं काढायचं काम त्याचं. त्याचे पैसे घ्यायचा नाही, चहा प्यायचा. एकदा एका बैलाच्या घशातून त्यानं अख्खी लंगोटी काढली होती, आणि ती कोणाची यावर गावात महिनाभर चर्चा झाली.

"काय खाल्लं तिनं?" आबानं गोठ्यात पाऊल टाकताच विचारलं.

"कालपासून काडी नाई टाकली तोंडात," वहिनी म्हणाली.

"मंग अडकलंच हाय. तेल आन वं सूनबाई." कोपरापर्यंत तेल चोळत तो माझ्याकडे वळला. "साहेब, सदऱ्याच्या बाह्या वर करा अन् शिंगं धरा. हे तुमच्या पुस्तकात नसते."

मी शिंगं धरली. दादानं जीभ बाजूला ओढून धरली, कुऱ्हाडीचा दांडा दाढांमध्ये आडवा दिला. वहिनी पदरानं फेस पुसत होती. आबानं हात आत घातला, मनगट गेलं, अर्धा हात गेला. तो डोळे मिटून चाचपत होता. तेवढ्यात म्हशीनं मान झटकली, दांडा सरकला, आणि दाढेखाली आबाचं मनगट आलं. त्यानं हात ओढून काढला. तेल, फेस आणि रक्त.

"घसा मोकया हाय," तो म्हणाला. त्याला मनगटापेक्षा त्याचंच नवल वाटलं होतं. "काईच नाई आत."

त्यानं धोतरानं हात पुसला, तंबाखूच्या चंचीतला चुना काढून जखमेत भरला. आम्ही सगळे म्हशीकडे पाहत उभे. मग वहिनी हळूच म्हणाली, "दसऱ्याच्या आंधी हिच्या नाकापाशी एक वरखडा होता. मी हळद लावली होती. म्हनलं, काटी लागली असंन."

आबानं विचारलं, "कोन्या बाजूले?"

वहिनीनं बोट दाखवलं. आबा त्या जागेकडे पाहत राहिला, मग त्यानं हात मागे घेतला, जणू कोणाला दिसू नये.

दुपारनंतर म्हशीनं भिंतीला धडका द्यायला सुरुवात केली. दोन दोरांनी बांधली तरी दावण उखडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. तोवर माय घराबाहेर पडली होती. जिथं जिथं चीक गेला होता त्या प्रत्येक दारात ती उभी राहिली आणि एकच सांगत गेली, "माह्या म्हशीले कोल्हा चावला होता. आमाले ठाव नवतं, आता झालं. तुमी चीक खाल्ला." लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. एका बाईनं घरातली आमची नसलेली वाटीही आणून तिच्या पायाशी फेकली. मायनं ती उचलून ओट्यावर ठेवली आणि पुढच्या दारात गेली. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती.

कॉलेजात मी वाचलेलं होतं की पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेत गेली की काय होतं, आणि त्याला एक लस असते. एकदा लक्षणं दिसली की मग काहीच नसतं, हेही वाचलं होतं. घरात हे माहीत असलेला मी एकटा. माझ्या हातावर फेस उडाला होता. हातावर जखम नव्हती, हे मी उन्हात धरून चार वेळा पाहिलं. तरी अंगठ्याजवळ एक जुना ओरखडा सापडला, आणि तो सापडल्यावर मला दुसरं काही दिसेना.

सकाळी दादा, वहिनी आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात जायला निघालो. आबाला हाक मारली.

"तुमी इचारून या," तो खुरपं घेऊन निघाला होता. "माही ज्वारी उभी हाय. लागलं तं मी मांगून येतो. मले काय होते बे, शंभर जनावराच्या घशात हात घातला."

दवाखान्यात दादा आणि वहिनी लिंबाखाली बसले. साहेबांशी बोलायचं ते मी, हे ठरलेलंच होतं. डॉक्टर तरुण होते, दमलेले. मी म्हशीचं आणि चिकाचं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. खरवस शिजवून खाल्ला असेल तर त्याची भीती नाही, म्हणाले.

"किती जणांचा लाळेशी संबंध आला?"

मी बोटांवर मोजायला लागलो. त्यांनीच पुढे सांगितलं, "माझ्याकडे तिघांपुरतं औषध आहे. चौदा सुया, रोज एक. बाकीच्यांना पुढच्या मंगळवारी, आलं तर. ज्याला दात लागला त्याला आधी. मग ज्यांचे हात चिरलेले आहेत त्यांना. कोणाला दात लागला?"

मी म्हणालो, "माझ्या भावाला. त्यानं घशात हात घातला होता."

"आणि तू?"

"मी जीभ धरली होती."

आबाचं काम मी दादाला दिलं आणि दादाचं काम स्वतःकडे घेतलं. वहिनीचं काम वहिनीकडेच ठेवलं. एवढंच केलं. आवाजसुद्धा कापला नाही. कंपाउंडरनं तीन नावं लिहिली. तिसरं माझं.

बाहेर आलो तर दादानं विचारलं, "आबाचं सांगतलं?"

"सांगितलं. औषध संपलं म्हणतात. पुढच्या मंगळवारी."

यातलं शेवटचं खरं होतं. माणसाला स्वतःशी खोटं बोलायला तेवढं पुरतं.

चौदा दिवस आम्ही तिघं पहाटे निघून सडकेपर्यंत चालत जायचो, मोटार धरायचो, बेंबीच्या आजूबाजूला एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे सुई घ्यायचो, आणि परत यायचो. पोट सुजून कडक झालं. माझ्याच्यानं नाडी बांधवेना. वहिनी लुगड्याची गाठ सैल बांधून चालायची आणि म्हणायची, "लेकरू नाई पोटात, डाक्तर हाय." आम्ही हसायचो, आणि हसलं की पोट दुखायचं.

आबा मंगळवारी आला. औषध आलं नव्हतं. तो मोटारीत खिडकीशी बसायला मिळालं म्हणून खूश होता. पुढच्या मंगळवारी पुन्हा आला, तेव्हा मिळालं. डॉक्टरांनी त्याचं मनगट उलटं करून पाहिलं. जखम भरली होती, पण दाढेची ठेवण स्पष्ट दिसत होती. त्यांनी मग माझ्याकडे पाहिलं.

"तू कॉलेजात आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

एवढंच. परतताना आबानं विचारलं, "काय म्हनत होते साहेब?"

"काही नाही. कुठं शिकतो विचारत होते."

"सांगतलं नं मंग? कायले लाजतो?"

माझ्या चौदा झाल्या. कॉलेज सुरू झालं होतं, पण मी गेलो नाही. घरी सांगितलं, पोट दुखतं. खरं तर मी दिवस मोजत होतो. आबाच्या सहा सुया झाल्या. सातव्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. निघायला उशीर होतो म्हणून वहिनी चहाचा कप घेऊन पुढे गेली. त्यानं कप हातात घेतला, तोंडाशी नेला, आणि त्याच्या गळ्याला असा झटका बसला की कप खाली पडला. त्यानं कपाकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे.

"सकायपासून पानी उतरत नाई," तो म्हणाला. "अडकल्यावानी वाट्टे." आणि मग त्याच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. "आता माह्या घशात कोन हात घालन?"

माय खाली बसली. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला, तर आबा मागे सरकला.

"हात नोको लावू. कासरा आन. माहे हात बांध, अन् मले मळ्यातल्या खोपडीत न्या. गल्लीत लेकरं हायेत."

हे त्यानं सांगितलं. गावानं नंतर जे ठरवलं, ते त्याच्याच तोंडून आधी निघालं होतं. गावाकडून दोघंजण बैलगाडी घेऊन आले, हाताला गोणपाट गुंडाळून त्यांनी त्याचे हात बांधले. वाटेत एका बाईनं तांब्या पुढे केला, पाणी पाहून त्याचा गळा पुन्हा आवळला, आणि तोंडातली लाळ तिच्या हातावर उडाली. मी त्याच पावली सडकेवर गेलो, मोटार धरून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. अंधारात ठेवा, वारा लागू देऊ नका, पाण्याचा आवाज होऊ देऊ नका, लाळेपासून जपा. जवळ बसायचं तर सुया झालेल्यांनीच. मी दुपारी परत आलो.

पारावर गाव जमलं होतं. पोलीस पाटील मध्ये बसले होते. कोणी म्हणत होतं, माणूस कुत्र्यासारखा भुंकतो आणि ज्याला चावतो तोही तसाच होतो. कोणी म्हणत होतं, नुसता श्वास लागला तरी होतं. एक जण म्हणाला, "बाहेरून कडी लावा, काट्या टाका. दोन दिवसांचं काम हाय."

"जितं माणूस हाय ते," पाटील म्हणाले.

"मंग तुमी बसा त्याच्यापाशी."

पाटील खाली मातीकडे पाहू लागले. दादा उठला. "आमी बसतो. आमच्या पोटात सुया हायेत."

आबाजवळ बसू शकतील असे गावात तिघंच होतो, आणि आबाच्या वाट्याच्या सुया त्या तिघांतल्या एकाच्या पोटात होत्या. दादाला हे माहीत नव्हतं.

रात्र दादानं घेतली, दिवस मी. वहिनी बाहेर बसून जे लागेल ते द्यायची. खोपडीच्या दाराला आम्ही दुहेरी घोंगडं लावलं. आबाला खाटेला बांधलं, पण सैल. झटका यायचा तेव्हा तो ताणला जायचा, गळ्यातून आवाज यायचा, तोंडाला फेस, डोळे असे की त्यात आपल्या ओळखीचं कोणी नाही. झटका गेला की आबा परत यायचा. अगदी नेहमीचा आबा. लोकांना हे सांगून पटलं नाही. ते म्हणायचे, ते सोंग आहे, जवळ यावं म्हणून करतो. मी सांगतो, ते सोंग नव्हतं. तो दोन्ही होता, आणि मधल्या वेळात त्याला सगळं समजत होतं.

शेजारच्या मळ्यात मोट चालू होती. पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज आला की आबाला झटका यायचा. मी जाऊन त्या मळेवाल्याला सांगितलं. त्याचं मिरचीचं रोप नुकतं लावलेलं, मान टाकून बसलेलं. तो म्हणाला, "किती दिस?" मी म्हणालो, "दोन. कदाचित तीन." त्यानं बैलांच्या मानेवरचं जू काढलं आणि बैल झाडाखाली बांधले. त्याचं अर्धं रोप वाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बराच वेळ शांत होता. घोंगड्याच्या कडेनं ऊन आत येत होतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो, खाटेपासून हातभर.

"लहान्या."

"काय आबा?"

"तुह्या किती झाल्या सुया?"

"चौदा."

"पुऱ्या?"

"पुऱ्या."

तो छताकडे पाहत होता. "तुले कुठं लागलं होतं रे? तू तं शिंगं धरून होता."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते आजही मला माहीत नाही. बाहेर वहिनी होती, तिला ऐकू जाईल असंही वाटलं. मी म्हणालो, "मी खोटं बोललो, आबा. तुमचं नाव सांगितलंच नाही."

आबानं मान वळवली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे नुसता पाहत होता, जसा घशात हात घालण्याआधी जनावराकडे पाहायचा, काहीतरी शोधत.

"भेला होता?" त्यानं विचारलं.

"हो."

त्याच्या गळ्याची शीर हलली. बोटं खाटेच्या कडेला घट्ट झाली. "मांगं सरक," तो घाईनं म्हणाला. "भित्तीले सरक, लवकर. येऊन राह्यलं."

मी सरकलो. तो झटका मोठा होता. त्यानंतर तो माणसासारखं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

बाहेर वहिनी बसली होती. तिनं ऐकलं होतं. ती दादाला काही बोलली नाही. मला म्हणाली, "तुमीच सांगा."

आबाला उचलायला चौघं लागणार होते. दादा, मी, गोणपाट गुंडाळून मळेवाला, आणि बऱ्याच वेळानं पाटील. खोपडी, खाट, घोंगडं सगळं त्याच्यासोबत जाळलं. मुलगी बीबीहून आली तेव्हा राख सावडून झाली होती. ती आमच्याच घरी उतरली.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, पारावर पुन्हा गाव जमलं. आता भीती दुसरी होती. गाडीत हात बांधणारे दोघं, तांब्या पुढे करणारी बाई, मळेवाला, पाटील, आणि आम्ही खोपडीत असताना आमची वगारही तशीच पिसाळून मेली होती, तिला धरणारे शेजारचे दोघं. असे सात जण. आणि सातही म्हणत होते, आम्हाला काही लागलं नाही. एकानं हात उपरण्यात झाकून ठेवला होता. खूण दिसली तर आपल्यालाही एखाद्या खोपडीत नेऊन टाकतील, ही भीती सुईपेक्षा मोठी होती.

मी उभा राहिलो. सदरा खोचलेला होता का ते आठवत नाही. दवाखान्यात काय विचारलं गेलं, मी काय सांगितलं, कोणाचं काम कोणाला दिलं, सगळं सांगितलं. आबाची मुलगी आमच्या मायशेजारी बसली होती. तिच्यासमोर सांगितलं. ती उठून गेली. दादा उठला, माझ्यापर्यंत आला, मला वाटलं मारतो. मारलं नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे पार वैशाखापर्यंत, तो माझ्याशी बोलला नाही.

गाडीवाल्यांपैकी एक म्हणाला, "शिकलेलं खोटं बोलते, तं आमी कायच्यावर भरोसा ठेवाव?"

"माझ्यावर ठेवू नका," मी म्हणालो. "माझ्यासोबत चला. आपल्या तोंडानं सांगा. मी फक्त दवाखाना दाखवतो."

"अन् औषध कमी पडलं तं?"

"तर ज्याची जखम मोठी तो आधी. इथंच ठरवा, सगळ्यांसमोर. तिथं गेल्यावर ठरवायचं नाही. तिथं माणूस भेतो."

मग पाटलांनी बाही वर करून मनगट पुढे केलं. तिरडीच्या बांबूनं खरचटलं होतं, त्यावर आबाच्या अंगावरच्या कापडाचा ओला भाग लागला होता. "पाहा," ते म्हणाले. मग मळेवाल्यानं हात दाखवला. मग वगारीवाल्यानं उपरण्यातून हात काढला, दोन बोटं फाटलेली. बाईनं सगळ्यात शेवटी दाखवला. उजेड जायच्या आत, पारावर, एकमेकांचे हात उलटेपालटे करून पाहत लोकांनी क्रम लावला. दोन फाटलेल्या बोटांवाला पहिला. पाटील पाचवे आले. ते म्हणाले, "बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दवाखान्यात चौघांपुरतं औषध होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कोण?" आणि चौघं ठरल्या क्रमानं पुढे झाले. उरलेले तिघं लिंबाखाली जाऊन बसले. त्या तिघांत पाटील होते. त्यांचं औषध सहा दिवसांनी आलं. ते सहा दिवस रोज सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन त्यांना पाणी पिताना पाहत होतो, आणि तेही मला दाखवण्यासाठी अख्खा तांब्या पीत होते.

कॉलेजातलं ते सत्र माझं बुडालं. पुढच्या वर्षी बी.ए. झालो. आबाची मुलगी आमच्या घरी पुन्हा आली नाही. सातही जणांच्या चौदा चौदा सुया पुऱ्या झाल्या, आणि सातही जण जगले.